बुएनोस आइरेसमधला पगार आणि दोन दरांचं गणित

अर्जेंटिनात डॉलरमध्ये पगार देतायत, जाऊ का, असं हल्ली ओळखीतलं कोणी ना कोणी विचारतं आणि मला एका वाक्यात उत्तर देता येत नाही. मे २०२२ मध्ये आम्ही बुएनोस आइरेसला आलो तेव्हा बाजारात एका डॉलरला साधारण २०० पेसो मिळायचे, २०२५ च्या शेवटी १,४०० च्या वर मिळायला लागले. म्हणजे सातपट. मग डॉलरवाल्याची चैन असेल ना? तर नाही. तेव्हा आम्ही शनिवारी बाहेर जेवून, टॅक्सीने घरी येऊन वर पैसे उरवायचो आणि आता मी घरातून डबा घेऊन पार्कात बसते. हे कसं झालं ते सगळं आमच्याच घरात घडलंय म्हणून सविस्तर सांगते, थोडं लांबेल.

नवरा शेतीच्या औषधांच्या एका भारतीय कंपनीच्या इथल्या ऑफिसात, अर्धा वेळ रोसारिओकडे सोयाबीनच्या पट्ट्यात फिरतीवर. मी बी.कॉम., सांगलीत असताना सीएच्या ऑफिसात होते, आता अमेरिकेतल्या एका छोट्या फर्मची बुककीपिंगची कामं घरून करते. त्याची ऑफर होती महिना २,५०० डॉलर. आम्ही खुश. ऑफर लेटरमध्ये खाली एक ओळ होती की रक्कम त्या दिवसाच्या अधिकृत दराने पेसोत जमा होईल. सांगलीत बसून ती ओळ वाचली तर त्यात वावगं काय वाटणार, आपल्याकडे बँकेचा दर आणि बाहेरचा दर यात असून असून किती फरक असतो, रुपया दोन रुपये.

इथं आल्यावर पहिल्या पगाराच्या दिवशी त्याच्या ऑफिसातल्या अकाउंट्सच्या बाईने हसत हसत विचारलं की तुमचा पगार कुठल्या डॉलरमध्ये ठरलाय. कुठल्या म्हणजे? तर इथं तेव्हा डॉलर एक नव्हताच. बँकेचा अधिकृत डॉलर, रस्त्यावरचा म्हणजे काळ्या बाजाराचा ब्लू, रोखे घेऊन विकून मिळवायचा मेप, परदेशी खर्चावर टॅक्स लावून होणारा कार्डाचा, सोयाबीन निर्यात करणाऱ्यांसाठी सरकारने काही आठवडे काढलेला सोया डॉलर, आणि २०२२ च्या शेवटी कतारच्या वर्ल्डकपच्या सुमाराला चक्क कतार डॉलर, म्हणजे परदेशात जास्त खर्च करणाऱ्यांवर आणखी टॅक्स. नवऱ्याला आधी वाटलं ती चेष्टा करतेय.

याचं मूळ म्हणजे सेपो. २०१९ च्या सप्टेंबरात सरकारने परकीय चलनावर निर्बंध घातले, ऑक्टोबरात तर ते इतके आवळले की माणसाला बँकेतून महिन्याला फक्त २०० डॉलर घेता यायचे, पुढे त्यावरही टॅक्स लागले. सेंट्रल बँकेकडे डॉलरच नव्हते, मग देणार कुठून. लोकांना तर डॉलर हवेच असतात, महागाईत पेसो कोण साठवणार, त्यामुळे बाहेरचा भाव वर आणि बँकेचा भाव सरकार धरून ठेवणार. या दोन भावांतल्या अंतराला इथं ब्रेचा म्हणतात आणि बातम्यांमध्ये ती हवामानासारखी रोज सांगतात.

आता आमचा हिशोब बघा. २ जुलै २०२२ ला अर्थमंत्री मार्तिन गुस्मान यांनी राजीनामा दिला आणि ब्लू उसळला. जुलैत तो ३२५ च्या पुढे गेला, बँकेचा मात्र १२८ च्या आसपास. नवऱ्याचे २,५०० डॉलर गुणिले १२८ म्हणजे ३,२०,००० पेसो खात्यात. तेच पेसो घेऊन बाजारात डॉलर घ्यायला गेलं तर हजारसुद्धा भरत नाहीत. आणि मी, जिला ती फर्म महिना फक्त हजार डॉलर द्यायची, ते माझ्या बाहेरच्या खात्यात जमा व्हायचे आणि मी ते मनी ट्रान्सफरने स्वतःलाच पाठवायचे, तर मला तो दर मिळायचा जवळजवळ ब्लूचाच. म्हणजे ३,२०,००० पेसो. अडीच पट पगार घेणारा, रोज चिखल तुडवत फिरणारा माणूस आणि घरात गाऊनवर बसून एक्सेल शीट भरणारी मी, दोघांची कमाई सारखीच! सासूबाईंना हे फोनवर सांगितलं तर त्या म्हणाल्या, मग त्याला पण घरीच बसव की.

स्वतःला पैसे पाठवणं ऐकायला विचित्र वाटतं पण त्या काळात इथले निम्मे परदेशी हेच करायचे. अॅपवर रक्कम टाकायची, कोड यायचा, तो आणि पासपोर्ट घेऊन एजंटकडे जायचं. सोपं वाटतं ना, तर एजंटकडे कॅश असायला पाहिजे. आमच्या घराजवळच्या दुकानात सकाळी दहाच्या आत गेलं तर ठीक, नंतर काचेवर कागद चिकटवलेला, आज पैसे नाहीत. मग दुसरा एजंट, तिथं माणशी मर्यादा, मग तिसरा. महिन्याच्या सुरुवातीला रांगेत व्हेनेझुएलाचे लोक, रशियातून आलेली जोडपी (२०२२ नंतर इथं रशियन खूप दिसायला लागले, त्यातल्या बऱ्याच बायका बाळंतपणाला आलेल्या), एखादा अमेरिकन लॅपटॉपवाला आणि मी. रांगेत दर काय चाललाय यावर गप्पा, स्पॅनिश मी खरं तर तिथंच शिकले.

आणि मिळालेले पैसे न्यायचे कसे हा वेगळाच प्रश्न. तेव्हा सगळ्यात मोठी नोट १,००० ची, नारिंगी रंगाची, ओर्नेरो पक्ष्याचं चित्र असलेली. ३,२०,००० म्हणजे ३२० नोटा, त्याही हजाराच्या मिळाल्या तर. बहुतेक वेळा ५०० आणि २०० च्या रबरबँड लावलेल्या गड्ड्या हातात पडायच्या. मी सांगलीहून आणलेली भाजीची कापडी पिशवी न्यायचे, वर कोथिंबीर ठेवायची. २,००० ची नोट मे २०२३ मध्ये आली, १०,००० ची मे २०२४ मध्ये आणि २०,००० ची त्याच वर्षी नोव्हेंबरात. तोवर पिशवीचं काम संपत आलं होतं कारण सगळेच क्यूआरवर पैसे द्यायला लागले होते, मेर्कादो पागो वगैरे अॅपवरून. आपल्या यूपीआयची आठवण यायची, फक्त इथं खात्यात पडलेल्या पैशावर अॅप रोजच्या रोज व्याज देतं. द्यावंच लागतं म्हणा, नाहीतर कोण ठेवेल.

कुएवात मी पहिल्यांदा गेले ते दीर पुण्याहून आले होते तेव्हा. कुएवा म्हणजे बेकायदा मनी चेंजर, पण बेकायदा म्हणून कुठं अंधाऱ्या बोळात असेल असं समजू नका. आम्ही राहतो काबाशितोत, तिथून सुब्तेची म्हणजे मेट्रोची ए लाइन पकडून पेरू स्टेशनला उतरलं की पाच मिनिटांत काये फ्लोरिदा, शहराच्या मध्यातला पादचारी बाजार, आणि दर दहा पावलांवर एक माणूस भर दुपारी, पोलिसांच्या देखत, काम्बिओ काम्बिओ ओरडत उभा. यांना आर्बोलितो म्हणतात, ते स्वतः पैसे देत नाहीत, आत घेऊन जातात. नवऱ्याच्या ऑफिसातल्यांनी बजावलं होतं की रस्त्यावरच्याबरोबर जायचं नाही, ओळखीचाच गाठायचा, म्हणून आम्ही त्यांनी दिलेल्या पत्त्यावर गेलो. जुनी बिल्डिंग, जाळीची लिफ्ट, ट्रॅव्हल एजन्सीची पाटी, आत खिडकीपलीकडे नोटा मोजायचं मशीन आणि माते, म्हणजे इथला पाल्याचा चहा, पीत बसलेला एक काका.

दिरांनी पुण्यात एका मनी चेंजरकडून डॉलर आणले होते. काकाने शंभराच्या नोटा एकेक उचलून उजेडात धरल्या, कडा बोटाने चाचपल्या आणि तीन ढीग केले. पहिल्यात नव्या निळ्या पट्टीच्या, त्यांना पूर्ण भाव. दुसऱ्यात जुन्या, ज्यावर फ्रँकलिनचं डोकं लहान असतं, त्यांना कारा चिका म्हणतात आणि भाव कमी. तिसऱ्यात एकच नोट, तिच्या कोपऱ्यात कुणीतरी बारीक शिक्का मारलेला, ती त्याने बोटाने परत ढकलली, घेतच नाही म्हणाला. दीर वाद घालायला लागले की ही पण अमेरिकन सरकारचीच नोट आहे, खरी आहे, कुठल्याही देशात चालते. काकाने शांतपणे सांगितलं, खरी आहे, पण माझ्याकडून कोण घेईल? वीसच्या आणि दहाच्या नोटांनाही भाव कमीच. आणि रुपये? दिरांनी हौसेने पाचशेची नोट दाखवली, काकाने गांधीजींना ओळखलं, बाकी काही नाही. त्यामुळे कोणी येणार असेल तर मी आधी हेच सांगते, शंभराच्या, नव्या, कोऱ्या, न दुमडलेल्या नोटा आणा. पुढे २०२२ च्या नोव्हेंबरपासून परदेशी कार्डांनाही मेपच्या जवळचा दर मिळायला लागला, त्यामुळे पाहुण्यांचं काम सोपं झालं, भारतातलं कार्ड घासलं तरी बँकेच्या भावाने लुटलं जायचं बंद झालं.

आता तुम्ही म्हणाल एवढी डॉलरची भानगड कशाला, पेसोतच राहा ना. आमच्या मजल्यावर एक सत्तरीच्या सेन्योरा राहतात, निवृत्त शिक्षिका. त्यांनी मला सांगितलेलं असं की १९८९ ला महागाई वर्षाला ३,००० टक्क्यांच्या वर होती, सकाळी पगार झाला की दुपारपर्यंत त्याचा तेल साखर तांदूळ करून टाकायचा. मग १९९१ ला एक पेसो म्हणजे एक डॉलर असा कायदाच झाला, सगळे निर्धास्त झाले, यांनी डॉलरमध्ये फिक्स डिपॉझिट केलं. डिसेंबर २००१ मध्ये सरकारने बँकेतून पैसे काढण्यावर कडक मर्यादा घातली, तोच तो कोर्रालितो, आणि पुढच्या वर्षी डॉलरची डिपॉझिटं १.४० पेसोच्या हिशोबाने पेसोत बदलली, आणि काही महिन्यांतच बाहेर डॉलर तीन पेसोच्या पुढे गेला. त्यानंतर बाईंनी बँकेत पेन्शनपुरतंच खातं ठेवलं. बाकीचे कुठे ठेवतात ते मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. इथं घरं विकली जातात तीसुद्धा टेबलावर डॉलरच्या गड्ड्या मोजून, आणि यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

तर पेसो हातात ठेवायचा नाही हे आम्हीही शिकलो. पगार झाला की आधी भाडं, एक्स्पेन्सास म्हणजे सोसायटी मेंटेनन्स, मग सुपरमार्केटमध्ये जाऊन महिन्याचं तेल, साबण, टॉयलेट पेपर, कॉफी. उरलेल्याचे डॉलर. आणि मोठी वस्तू घ्यायची तर हप्त्यांवर, रोख द्यायची म्हणजे वेडेपणा. आम्ही फ्रीज बारा बिनव्याजी हप्त्यांवर घेतला, २०२२ ला वर्षाची महागाई ९४.८ टक्के होती, शेवटचा हप्ता भरला तेव्हा त्या पैशात बाहेर दोन पिझ्झे आले असते. माझ्यातली अकाउंटंट तो फ्रीज बघून आजही खुश होते. वडिलांनी आयुष्यभर शिकवलेलं की उधारी करू नये, पैसे साठव, ते इथं उलटं करावं लागतं, आणि सवय लागते बरं का.

भाड्याचं सांगते कारण सगळ्यात जास्त प्रश्न त्यावरच येतात. तेव्हा दोन प्रकार होते. एक म्हणजे कायद्याप्रमाणे तीन वर्षांचं, पेसोत, वर्षातून एकदाच भाडं वाढणार तेही सेंट्रल बँकेच्या इंडेक्सने. २०२० चा हा कायदा भाडेकरूसाठी सोन्याहून पिवळा, महागाई शंभर टक्के असताना अकराव्या महिन्यात भाडं जवळपास निम्म्या किमतीचं. पण मग मालक तसं घर देतील कशाला, त्यांनी ती घरं बाजारातून काढूनच घेतली. आणि मिळालं तरी गारांतिआ लागते, म्हणजे याच शहरात ज्याच्या नावावर घर आहे असा जामीनदार. आम्हाला कोण देणार? विम्याच्या कंपन्या तशी हमी देतात, पण त्यांना इथली पगाराची स्लिप आणि डीएनआय म्हणजे इथलं ओळखपत्र लागतं, आणि आमचे डीएनआय तेव्हा यायचे होते. म्हणून मग दुसरा प्रकार, परदेश्यांसाठीचं फर्निचरसकट तात्पुरतं घर, भाडं डॉलरमध्ये, रोख. आम्हाला ४५० डॉलरला मिळालं, एक बेडरूम, बाल्कनीत ग्रिल. म्हणजे माझ्या हजारातले ४५० भाड्यात, आणि उरलेल्यांचे पेसो करून घरातला बाकीचा खर्च निघायचा. नवऱ्याचा पगार कागदावर मोठा पण घरात तो किराणा आणि प्रवासाचा, माझा लहान तोच खरा. त्याला हे लागायचं, तो बोलायचा नाही पण पगाराच्या दिवशी चिडचिड असायची.

२०२३ हे सगळ्यात वेडं वर्ष. १३ ऑगस्टला राष्ट्राध्यक्षपदाच्या प्राथमिक निवडणुकीत हावियेर मिलेई पहिले आले, दुसऱ्या दिवशी सरकारने बँकेचा दर ३५० वर नेला आणि तिथंच गोठवला. ऑक्टोबरात ब्लूने १,००० ओलांडला. म्हणजे बँकेच्या जवळजवळ तिप्पट. त्या काही आठवड्यांत मी ज्या भावात जगले त्याचा मला थोडा संकोचच वाटतो, बस ५२.९६ पेसो होती, म्हणजे ब्लूने पाच सेंट, आपले चार साडेचार रुपये. उत्तम हॉटेलात स्टेक, वाइन, डेझर्ट, दोघांचं बिल पंचवीस डॉलर. शेजारच्या टेबलांवर सगळे इंग्रजीत बोलणारे. आणि वेटरचा पगार पेसोत. तेव्हा इथले बरेच परदेशी म्हणायचे की हा देश किती स्वस्त आहे, देश स्वस्त नव्हता हो, दोन दरांमधल्या फटीतून आम्ही जेवत होतो आणि त्या फटीच्या दुसऱ्या बाजूला नवऱ्याची स्लिप होती.

१० डिसेंबरला मिलेईंनी राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली, भाषणात सांगितलं की पैसा नाहीये. १२ तारखेला संध्याकाळी नवीन अर्थमंत्री लुईस कापुतो यांनी जाहीर केलं की अधिकृत डॉलर आता ८००, आदल्या दिवशी होता ३६६ च्या आसपास. नवरा टीव्हीसमोर उठून उभाच राहिला. त्याचा पगार पेसोत एका रात्रीत दुपटीच्या वर, २,५०० गुणिले ८०० म्हणजे वीस लाख. त्याने त्याच रात्री आईला फोन लावला, इकडे रात्र म्हणजे तिकडे पहाट, त्या घाबरूनच उठल्या.

आनंद फार टिकला नाही. दुसऱ्या दिवशी मी आमच्या नेहमीच्या दिएतेतिकात गेले. ही दुकानं म्हणजे आपल्याकडच्या धान्यवाल्यासारखी, डाळी, मसाले, सुका मेवा, सगळं सुटं वजनावर. तूरडाळ नाही मिळत पण बेसन मिळतं, कारण इथले लोक पिझ्झ्याबरोबर फायना खातात, ती चण्याच्या पिठाचीच. आणि शेंगदाणे कोर्दोबा प्रांतातले, टपोरे, आमच्या घरात कूट त्यांचंच. तर त्या दिवशी डब्यांवरच्या भावाच्या चिठ्ठ्याच गायब. दुकानदार मुलगा दर वेळी फोनवर वडिलांना विचारून भाव सांगत होता. मी अर्धा किलो बेसन मागितलं, त्याने भाव सांगितला, मी म्हटलं बरं शेंगदाणे पण दे, त्याचा भाव विचारेपर्यंत वडील म्हणाले थांब, बेसनाचा पण बदललाय. मुलगा बिचारा लाजला, मला जुन्याच भावात देऊन टाकलं. माझ्या वहीत बेसनाचा किलोचा भाव २०२२ च्या मध्याला ४०० पेसो आहे, आज साडेतीन हजाराच्या वर देते. ब्लूने भागलं तर सव्वा डॉलरचं अडीच डॉलर. पिठलंसुद्धा डॉलरमध्ये दुप्पट झालं.

त्या डिसेंबरात एका महिन्याची महागाई २५.५ टक्के, जानेवारीत २०.६, फेब्रुवारीत १३.२. आणि डॉलर? सरकारने ठरवलं की अधिकृत दर महिन्याला फक्त २ टक्क्यांनी सरकवायचा. माझ्यासारख्या हिशोबनीस बाईला इथंच धोका दिसला. भाव वीस टक्क्यांनी वाढणार, डॉलर दोनने, तर डॉलरवाल्याच्या खिशाला दर महिन्याला भोक पडणार. नवरा म्हणायचा पगार दुप्पट झालाय, तू कशाला रडतेस. मार्चपर्यंत त्यालाही कळलं. ब्लू तर वर्षभरात फिरून फिरून तिथंच, जुलैत १,५०० ला टेकून वर्षाअखेर १,२०० च्या घरात, आणि बाकी सगळं आभाळाला. बस फेब्रुवारीत २७० झाली, सुब्ते मेमध्ये ५७४ आणि मग ६५०, वीज गॅसची सबसिडी कापली, प्रायव्हेट हेल्थ इन्शुरन्सवाल्यांचे हात मोकळे सोडले तर त्यांनी जानेवारीतच हप्ते चाळीस टक्क्यांच्या आसपास वाढवले, एप्रिलात सरकारनेच त्यांना मागे घ्यायला लावलं. त्यात डेंग्यूची साथ आली आणि मच्छर पळवायचा स्प्रे दुकानातून गायब, मिळालाच तर सोन्याच्या भावाने.

भाड्याचा कायदा डिसेंबर २०२३ च्या शेवटी वटहुकुमाने रद्द झाला. मालक आणि भाडेकरू काय हवं ते ठरवा, कुठल्याही चलनात. सगळे म्हणत होते आता भाडेकरू मेले, आणि सुरुवातीला भाडी वाढलीच, पण बंद ठेवलेली घरं धडाधड बाजारात आली, आमच्या रस्त्यावर जिथं एक पाटी दिसायची तिथं पाच दिसायला लागल्या. आमच्या घरमालकिणीने ४५० चे ७०० डॉलर मागितले, आम्ही नमस्कार केला आणि दोन गल्ल्या सोडून दुसरं घेतलं, पेसोत, दर तीन महिन्यांनी महागाईप्रमाणे वाढ. तोवर नवऱ्याच्या हातात डीएनआय आणि पगाराच्या स्लिपा होत्या, विम्याची हमी चालली. फर्निचर नव्हतं, ते परत हप्त्यांवर.

गंमत म्हणजे या काळात नवऱ्याच्या ऑफिसातले स्थानिक लोक, ज्यांचा पगार सुरुवातीपासून पेसोत आणि युनियनच्या कराराने वाढणारा, ते डॉलरच्या हिशोबाने वर आले. २०२३ मध्ये ज्यांचा पगार चारशे पाचशे डॉलर भरायचा तेच २०२५ च्या जानेवारीत ब्राझीलच्या बीचवर, कोणी अँडीज ओलांडून चिलीला कपडे आणि मोबाइल घ्यायला, कारण तिथं सगळं इथल्यापेक्षा स्वस्त. आम्ही त्यांना आधी जेवायला न्यायचो, आता तेच म्हणतात चल, मी देतो. अर्थात हे नोकरी टिकलेल्यांचं. २०२४ च्या पहिल्या सहामाहीत सरकारी आकड्यानेच ५२.९ टक्के लोक गरिबीरेषेखाली होते, नंतर तो आकडा बराच खाली आला, पण ए लाइनवर कोंग्रेसो स्टेशनला बुधवारी उतरून बघा, पेन्शनर म्हातारी माणसं दर आठवड्याला निदर्शनं करतायत. आमच्या सेन्योराही जातात, गुडघेदुखी सांभाळून. त्यामुळे स्टेक परवडत नाही हे रडगाणं मी घराबाहेर गात नाही.

माझं स्वतःचं पण एक लफडं मधे निस्तरलं. घरून परदेशी काम करणाऱ्याला कायदेशीर व्हायचं तर मोनोत्रिबुतो घ्यायचा, म्हणजे टॅक्स, पेन्शन, आरोग्य सगळं मिळून महिन्याला एक ठरलेली रक्कम, उत्पन्नाप्रमाणे ए (A) पासून के (K) पर्यंत कॅटेगरी आणि परदेशी क्लायंटला ई टाइपचं बिल. डीएनआय आल्यावर मी ते करून घेतलं, आधी टॅक्स खात्याचं नाव आफिप होतं, ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याचं आर्का झालं, वेबसाइट मात्र तशीच कोड्यात बोलणारी. आपला जीएसटी पोर्टल वापरलेल्या माणसाला काही नवीन वाटणार नाही. इथली काउंतादोरा म्हणजे सीए ठेवली, तिची फी दर तीन महिन्यांनी बदलते.

आणि मग एप्रिल २०२५. ११ तारखेला शुक्रवारी संध्याकाळी जाहीर केलं, सोमवारपासून व्यक्तींसाठी सेपो उठला, आयएमएफकडून २० अब्ज डॉलरचं कर्ज, डॉलर १,००० ते १,४०० च्या पट्ट्यात मोकळा. सोमवारी नवऱ्याने बँकेच्या अॅपवर शंभर डॉलर घेऊन बघितले, नुसतेच, घेता येतायत का म्हणून. आले. ब्लू आणि बँक यांच्यातलं अंतर काही टक्क्यांवर आलं आणि माझ्या मनी ट्रान्सफरचा फायदा संपला, आता मी थेट डॉलर खात्यात घेते. फ्लोरिदावर काम्बिओवाले अजून आहेत, पण आवाजात जोर नाही.

आमची आत्ताची भानगड वेगळीच आहे. नवऱ्याच्या कराराचं नूतनीकरण होतं, मी त्याला बसवून चार वर्षांची शीट दाखवली आणि सांगितलं की डॉलर मागू नकोस, पेसो माग, महागाईला बांधलेला. एचआरवाला मुंबईहून कॉलवर होता, त्याला खरंच वाटेना की कोणी माणूस अर्जेंटिनात बसून पेसो मागतोय, दोनदा विचारलं त्याने, सर आर यू शुअर. नवऱ्याने सांगितलं बायको अकाउंटंट आहे. त्यात सप्टेंबर ऑक्टोबरात निवडणुकीआधी डॉलर पुन्हा वर उसळला आणि नवरा माझ्याकडे बघायला लागला, की बघ, डॉलरच बरा होता. शेवटी अर्धा पेसो अर्धा डॉलर असं ठरलंय, पेसोवाल्या अर्ध्याला दर तिमाहीला महागाईची वाढ आणि डॉलरवाला अर्धा थेट डॉलर खात्यात, दराची ओळच काढून टाकली. मुंबईच्या लीगलकडून तेवढी एक सही यायची आहे.